चाळीस पावलांवरचं खोगीर

सप्टेंबर लागला तसं व्हर्लिन हाउगस्टाडने होल्मडेल गावच्या पशुखाद्याच्या दुकानात जाहीर करून टाकलं, की हरणाच्या शिकारीत मचाणाचे दिवस संपले. शहाण्या माणसाने यापुढे झाडावर बसायचं ते खोगिरात.

"खोगीर म्हणजे घोड्याचं?" गल्ल्यावरच्या शार्लीनने विचारलं. ती आणि व्हर्लिन शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे त्याचं कौतुक करायची तिला सवय नव्हती.

"झाडाचं," व्हर्लिन म्हणाला आणि पिशवीतून त्याने ते बाहेर काढलं.

दिसायला वस्तू यथातथाच होती. रुंद पट्ट्यांची एक झोळी. ती कमरेखालून, म्हणजे माणूस एरवी ज्यावर बसतो त्याच्या खालून, घ्यायची. झोळीला दोर, दोर खोडाभोवती. खोडालाच ताटाएवढी एक फळी आवळायची, तिच्यावर पाय टेकायचे आणि तोंड झाडाकडे करून मागे रेलायचं. एवढं सांगून व्हर्लिन थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने दुकानाच्या मधल्या खांबाला दोर बांधला आणि कोंबडीखाद्याच्या पोत्यांमध्ये रेलून दाखवलं. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला सहा फुटी माणूस खांबाची समजूत काढत असल्यासारखा लोंबत राहिला. कॉफीच्या किटलीपाशी तीन म्हातारे बसले होते, त्यांनी कप खाली ठेवले.

"आता गुण ऐका," व्हर्लिन लोंबताना बोटं मोजू लागला. "एक, वजन. मचाण न्यायला ट्रॅक्टर लागतो, हे पिशवीत मावतं. दोन, जमिनीवरून पाय उचलल्यापासून तुम्ही झाडाला बांधलेले, पडायची सोय नाही. तीन, हरीण आलं की खोडाआड व्हा. चार, चारी दिशांना नेम धरता येतो. पाच, झाड वाकडं असो, बारीक असो, कुठलंही चालतं. सहा, रोज नवं झाड. वर्षानुवर्षं एकाच मचाणावर बसलात की हरणांना तुमचा पत्ता पाठ होतो. सात, लोखंड नाही, म्हणजे करकर नाही."

"आणि आठ?" एका म्हाताऱ्याने विचारलं, कारण व्हर्लिनचं आठवं बोट वर होतं.

"आठ, शेजारच्याचं काही सामान आपल्याला लागत नाही."

हे तो जरा मोठ्याने बोलला. शेजारचा कोण आणि सामान कुठलं, हे होल्मडेलमध्ये मांजरांनाही माहीत होतं.

"रॉली कसा आहे?" शार्लीनने पावती फाडत विचारलं.

"मला काय विचारतेस? त्याला विचार."

"त्याला विचारलं काल. तो म्हणाला, व्हर्लिनला विचार."

व्हर्लिनने खांब सोडला, झोळी पिशवीत कोंबली आणि मांजराच्या खाण्याची पिशवी काखेत मारून तो निघाला.

रॉली बाके हा त्याचा शेजारी. दोघांच्या जमिनींमध्ये एक तारेचं कुंपण, कुंपणावरच एक जुना ओक, आणि त्या ओकला टेकून एक शिडीचं मचाण. पंधरा फूट उंच शिडी, तिच्या माथ्यावर दोघांना पुरेल असं बाकडं. रॉलीच्या ट्रॅक्टरवरून आणलं, व्हर्लिनच्या साखळीने बांधलं. इतक्या वर्षांत ओकने ती साखळी सालीखाली घेऊन टाकली होती. आता मचाण काढायचं तर झाड पाडावं लागलं असतं. एकतीस हिवाळे दोघं त्या बाकड्यावर बसले. रॉली उजवीकडे, कारण तो रुंद आणि उजव्या बाजूला फांदी नव्हती. व्हर्लिन डावीकडे. रॉलीचा डावा कान ट्रॅक्टरच्या आवाजाने कधीच खाऊन टाकला होता, म्हणजे व्हर्लिन नेमका त्याच्या बहिऱ्या बाजूला. मचाणावर तसंही बोलायचं नसतं. त्यामुळे दोघांच्या खुणा ठरत गेल्या. तळहात उभा धरला की हलू नकोस, येतोय. बोट खाली केलं की झाडाखालीच आहे. दोन्ही हात फाकवले की शिंगं एवढी रुंद. मुठीची उघडझाप केली की शिंगांना किती टोकं ते मोजायचं. आणि टोपीला दोन बोटं लावली की कॉफी. ही शेवटची खूण सगळ्यांत जास्त वापरलेली.

गेल्या नोव्हेंबरात एक नर आला. असा नर, की ज्याच्याबद्दल माणूस पुढची वीस वर्षं बोलतो आणि दर वर्षी शिंगं थोडी वाढवतो. व्हर्लिनने बंदूक उचलली. बाकड्यावर दोघांच्या मध्ये रॉलीचा थर्मास होता. तो कलंडला आणि शिडीच्या प्रत्येक पायरीला भेट देत, खणखणत खाली गेला. चौदा पायऱ्या. शेवटच्या पायरीला थर्मास पोचला तेव्हा नर पलीकडच्या तालुक्यात असावा.

"तुझं कोपर," रॉली म्हणाला.

"तुझा थर्मास," व्हर्लिन म्हणाला.

झालं. पुढचे दहा महिने याच्या पलीकडे संभाषण गेलं नाही.

रॉलीचं लग्न झालेलं नव्हतं. दर रविवारी चर्चनंतर तो व्हर्लिनकडे जेवायला यायचा. व्हर्लिनची बायको आर्डिस होती तेव्हा यायचा, सहा वर्षांपूर्वी ती गेली तरी यायचा. जेवण सुमार होऊनही येत राहिला. भांडणानंतर पहिल्या रविवारी व्हर्लिनने सवयीने सॉसेज जास्त तळली आणि मंगळवारपर्यंत तीच खाल्ली. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी झोपण्यापूर्वी त्याच्या लक्षात आलं, की आज आपण एकूण नऊ शब्द बोललो. सहा मांजराशी, तीन रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईशी. गुरुवारी मांजर बाहेरच होतं.

त्याच आठवड्यात एका मासिकात त्याने खोगिराबद्दल वाचलं. खतवाल्याने दिलेलं जुनं कॅलेंडर उलटं करून त्याने मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'खोगीर', दुसऱ्या बाजूला 'मचाण'. खोगिराखाली आठ गुण लिहिले. मचाणाखाली पेन्सिल बराच वेळ थांबली, आणि मग त्याने पेन्सिलच खाली ठेवली. कॅलेंडर फ्रिजला लावलं. तसं ते वाचायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

बंदुकीच्या शिकारीचा मोसम नोव्हेंबरात, धनुष्याचा मात्र सप्टेंबरच्या मध्यावरच उघडतो. पहिल्या दिवशी व्हर्लिन पहाटे पाचलाच आपल्या रानात पोचला. झाड त्याने आठवडाभर आधी हेरून ठेवलं होतं. एक सरळ मेपल. चार छोट्या पायकाठ्या त्याने पट्ट्यांनी खोडाला एकावर एक आवळल्या, एकेका काठीवर चढत सोळा फुटांवर गेला, फळी लावली, दोर बांधला आणि रेलला. गुडघा कुरकुरला नाही. झोळीने त्याला असं धरलं, जसं गेल्या सहा वर्षांत कोणी धरलं नव्हतं. व्हर्लिनला मनापासून बरं वाटलं. आठही मुद्दे बरोबर होते.

मग त्याने धनुष्य वर ओढायला घेतलं.

धनुष्य खाली एका दोरीला बांधलेलं होतं, आणि त्याच दोरीला जाकीट. चढताना गरम होतं म्हणून जाकीट काढून ठेवायचं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. अंधारात धनुष्य तिसऱ्या पायकाठीत अडकलं. शहाणा माणूस अशा वेळी दोरी सैल सोडतो. व्हर्लिन टँकरवाला. त्याने हिसका दिला. काठीचा पट्टा सुटला, तिसरी काठी दुसरीवर पडली, दुसरी पहिलीवर, आणि तिघी मिळून धनुष्य आणि जाकीट घेऊन खाली गेल्या. आवाज असा झाला, की एखाद्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी एकदम राजीनामा देत आहेत.

पावणेसहा वाजले होते. व्हर्लिन सोळा फुटांवर, पायाशी एक काठी, तिच्याखाली हवा. फोन जाकिटात होता. अशा प्रसंगी काय करावं यावर पुस्तिकेत एक पूर्ण पान होतं. पुस्तिकाही जाकिटात होती.

दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा ठरला. पडायची सोय नव्हती. उतरायचीही नव्हती, पण तसा दावा कोणी केला नव्हता.

सहाच्या सुमाराला कुंपणाकडून एक विजेरी डुलत आली. ओकपाशी थांबली, विझली, आणि शिडी करकरू लागली. चौदा करकरी व्हर्लिनने मोजल्या. मग बाकड्याची एक मोठी करकर. रॉली बसला.

उजाडलं तसं व्हर्लिनने मान वळवून पाहिलं. खोगिरातल्या माणसाचं तोंड झाडाकडे असतं, त्यामुळे जगाकडे बघायचं तर मान घुबडासारखी फिरवावी लागते. चाळीस पावलांवर मचाण स्वच्छ दिसत होतं. रॉली एकटाच होता. सव्वाशे किलोचा माणूस, सबंध बाकडं मोकळं, तरी तो उजव्या अर्ध्या भागातच अंग चोरून बसला होता. डावा अर्धा रिकामा. त्यावर थर्मास ठेवलेला, पोचे पडलेला, तोच. रॉलीने समोर बघत टोपीला दोन बोटं लावली. थोडा वेळ थांबला. मग आपली आपण कॉफी ओतली आणि प्यायला.

व्हर्लिनने मान परत झाडाकडे वळवली आणि मेपलची साल बराच वेळ वाचली.

आता हाक मारायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण तो साधा नव्हता. मोसमाच्या पहिल्या सकाळी रानात ओरडणं म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ट्रॅक्टर चालू करणं. चार शेतांवर चार माणसं झाडांवर बसलेली असतात, ती ते विसरत नाहीत. त्यातून रॉलीला ऐकू जाईल असं ओरडायचं तर ते त्याच्याआधी होल्मडेलला ऐकू गेलं असतं. आणि हे सगळं सोडलं, तरी जो आधी बोलेल तो हरला. दहा महिन्यांनंतरचा व्हर्लिनचा पहिला शब्द 'वाचव' असता. त्या दिवशी दुपारीच शार्लीनने त्याच्यासाठी खांब रिकामा करून ठेवला असता.

सात वाजता त्याने मधला मार्ग काढला. बोलायचं नाही, खूण करायची. खुणेला कोणी बोलणं म्हणत नाही. त्याने मान वळवली, हात वर केला आणि तळहात हलवला. इकडे ये.

रॉलीने पाहिलं. पाहून तो दगड झाला. कॉफीचा कप ओठांपासून चार बोटांवर तसाच राहिला.

व्हर्लिनला कळायला थोडा वेळ लागला. तळहात उभा म्हणजे हलू नकोस, येतोय.

त्याने मान जोरजोरात हलवली आणि बोट खाली केलं. काठ्या पडल्या, खाली बघ. रॉलीचे डोळे मोठे झाले. कप त्याने इतक्या हळू खाली ठेवला, की झाडाचं पान उतरायलाही तेवढा वेळ घेत नाही. मग धनुष्य उचललं. बोट खाली म्हणजे झाडाखालीच आहे.

व्हर्लिनला आता राग आला. त्याने दोन्ही हात फाकवले, अरे गाढवा, आता मी काय करू, असे. रॉलीचं तोंड उघडं पडलं. एवढी रुंद?

याच वेळी एक गांधीलमाशी व्हर्लिनच्या कानाभोवती फिरू लागली. त्याने ती पकडायला मूठ उघडझाप केली. एकदा, दोनदा, पाच वेळा, सात वेळा. माशी चिवट होती. चाळीस पावलांवर रॉली ओठ हलवत मोजत होता. चौदा टोकं झाली तेव्हा त्याने धनुष्याला बाण लावला.

व्हर्लिनने हात खाली घेतले आणि झाडाला कपाळ टेकवलं. एकतीस वर्षं त्याने या माणसाबरोबर एक अख्खी भाषा तयार केली होती. तिच्यात हरणाबद्दल सगळं सांगता येत होतं, आणि स्वतःबद्दल एकच गोष्ट, की कॉफी हवी.

आठ वाजले, नऊ वाजले. व्हर्लिनच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग उजव्या. झोळी चढताना जी प्रेमळ वाटली होती ती आता कमरेत रुतत होती. दर पंधरा मिनिटांनी तो मान वळवून पाही. रॉली तसाच बसलेला. धनुष्य मांडीवर, बाण लावलेला, डोळे मेपलच्या बुंध्याभोवतीच्या झुडपांवर. तो कॉफी पीत नव्हता, सँडविच उलगडत नव्हता, मांडी बदलत नव्हता. साडेनऊला त्याने गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले. पहाटेपासूनची कॉफी आता आपला रस्ता शोधत होती. रॉलीचा चेहरा हळूहळू बीटासारखा झाला, पण तो हलला नाही. त्याची ती अवस्था पाहून व्हर्लिनला वाटलं, दहा महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं, की या माणसाचं काहीतरी करायला हवं.

दहा वाजता रॉलीचा बांध फुटायला आला. त्याने धनुष्य फांदीला अडकवलं आणि शिडी उतरायला सुरुवात केली, पाठमोरा, एकेक पायरी. चौथ्या पायरीवर असताना मक्याच्या शेतातून एक हरीण निघालं.

नोव्हेंबरमधलाच नर होता. व्हर्लिनने त्याला लगेच ओळखलं. उजव्या शिंगाचं एक टोक खाली वाकलेलं. तो सरळ मेपलखाली आला, जाकीट हुंगलं, तिसरी पायकाठी हुंगली आणि निवांत उभा राहिला. व्हर्लिनकडे धनुष्य नव्हतं. ते त्या नराच्या पुढच्या पायांशी पडलेलं होतं. पण रॉलीचं धनुष्य फांदीला होतं, आणि रॉली त्याच्यापासून फक्त चार पायऱ्या खाली होता.

व्हर्लिनने श्वास रोखला, मान वळवली आणि तळहात उभा धरला. या वेळी खरा.

रॉलीने शिडीवरून पाहिलं. तीन तासांत त्याने तो तळहात एकदा पाहिला होता, त्या बोटावर विश्वास ठेवला होता, चौदा टोकं मोजली होती, आणि पदरात काय पडलं होतं हे त्याच्या पोटाला माहीत होतं. शिडी आणि ओकमुळे मेपलचा बुंधा त्याला दिसत नव्हता. दिसत होता तो झाडाला लटकलेला व्हर्लिन, पाठ फिरवून बसलेला, आणि तो हात.

"बास झाली तुझी थट्टा!" रॉली गरजला.

बहिऱ्या माणसाचा आवाज. कुंपणावरचे कावळे उडाले. नर दोन उड्यांत मक्यात शिरला आणि मका मिटला.

रॉलीने शेपूट पाहिलं. उरलेल्या दहा पायऱ्या तो धडधडत उतरला, ओकमागे गेला, बराच वेळ ओकमागेच राहिला, आणि मग कुंपण ओलांडून मेपलखाली येऊन उभा राहिला.

"तू आधी बोललास," व्हर्लिन वरून म्हणाला.

"तो खरा होता?"

"नोव्हेंबरमधला. बारा टोकं."

"मघाशी तू चौदा सांगितलीस."

"ती गांधीलमाशी होती."

रॉलीने यावर विचार केला. "उतर खाली. तोंडावर बोलू."

"उतरता येत नाही."

"का?"

व्हर्लिनने बोट खाली केलं. या वेळी रॉलीने पायाशी पाहिलं. तीन काठ्या, एक धनुष्य, एक जाकीट. त्याने घड्याळ पाहिलं.

"कधी पडल्या?"

"पावणेसहाला."

"म्हणजे तो हात..."

"इकडे ये."

"बोट?"

"काठ्या पडल्या."

"आणि हे?" रॉलीने दोन्ही हात फाकवले.

"अरे गाढवा, आता मी काय करू."

रॉली खाली बसला. नुसता बसला, मेपलच्या मुळावर, काठ्यांच्या शेजारी. व्हर्लिनला वाटलं हा आता हसेल आणि हसणं संध्याकाळपर्यंत दुकानात पोचेल. पण रॉली हसला नाही.

"व्हर्लिन, मदतीची खूण आपल्यात नाहीच," तो म्हणाला.

"नाही."

"एकतीस वर्षं, आणि नाही." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "मला वाटलं, तू मला हरीण देतोयस. मला वाटलं, याच्या झाडाखाली एवढं मोठं जनावर उभं आहे, स्वतः मारू शकतो, तरी मला दाखवतोय. थर्माससाठी. म्हणून मी हललो नाही. लेका, मी तीन तास मुतलोही नाही."

व्हर्लिनने कपाळ पुन्हा झाडाला टेकवलं.

"कोपर माझंच होतं," शेवटी व्हर्लिन झाडाच्या सालीला म्हणाला.

"काय? डाव्या बाजूने बोललास."

"काठ्या लाव म्हटलं!"

काठ्या लावायला अर्धा तास गेला. पहिली रॉलीने उलटी लावली. दुसरी लावताना पट्टा कुठून कुठे जातो यावर दोघांत मतभेद झाले. तिसरीसाठी रॉलीला दुसरीवर चढावं लागलं, आणि काठीने तेवढ्या वजनाची अपेक्षा केली नव्हती. तिने तसा आवाज काढला.

"या काठीवर वजनाची मर्यादा लिहिलीय," व्हर्लिन वरून म्हणाला.

"वाचू नकोस."

शेवटी व्हर्लिन जमिनीला लागला. पाय त्याचे नव्हतेच, त्यामुळे तोही मुळावर बसला. रॉलीने ती झोळी हातात घेऊन उलटसुलट केली, वजन पाहिलं, दोर ओढून पाहिला.

"काय चांगलं आहे म्हणे यात? दुकानात सगळे सांगत होते, मला नीट ऐकू आलं नाही."

"हलकं आहे," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज दुकानातल्यासारखा नव्हता. "पडत नाही माणूस. करकर नाही. खोडाआड लपता येतं. कुठल्याही झाडावर बांधता येतं. रोज नवं झाड."

"कुठल्याही?"

"कुठल्याही."

"तुझं केवढं रान आहे?"

"तुला माहीत आहे. चाळीस एकर."

"नदीकडे तुझ्याकडे झाडं आहेत. त्या टेकाडावर आहेत. हरणांची वाट टेकाडावरून जाते, मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे." रॉलीने मेपलकडे पाहिलं, मग चाळीस पावलांवरच्या ओककडे. "चाळीस एकरांत कुठलंही झाड चालत होतं. मग हे का?"

व्हर्लिनने जाकीट झटकलं. खिशातून पुस्तिका काढली, तिच्यावरची माती पुसली, परत खिशात ठेवली.

"वारा," तो म्हणाला.

रॉलीने बोट ओलं करून वर धरलं. एक पान हलत नव्हतं. बोट त्याने हळूच पँटला पुसलं. एकतीस वर्षांत काही गोष्टी तो शिकला होता.

"तुझ्याकडून काय दिसतं मचाणाचं?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"तू उजवीकडेच बसतोस. सगळं बाकडं मोकळं असून."

"तिकडे थर्मास असतो."

"थर्मास तेवढा रुंद नाही."

"फांदी आहे तिकडे."

"ती फांदी माझ्या डोक्याला लागते, रॉली, तुझ्या नाही."

रॉली उठला, व्हर्लिनला हात देऊन त्याने उठवलं. तिसऱ्या प्रयत्नात पाय जमिनीवर आले. दोघं कुंपणाकडे निघाले, एक लंगडत, दुसरा त्याच्या वेगाने. नराला दहा टोकं होती की बारा, यावर ओकपर्यंत एकमत झालं नाही. रॉलीला फक्त शेपूट दिसलं होतं, पण तो दहावर ठाम होता.

शिडीखाली व्हर्लिन थांबला. वर पाहिलं. चौदा पायऱ्या आणि मुंग्या आलेले पाय.

"एवढ्यात वर नको," तो म्हणाला.

"नको," रॉली म्हणाला, आणि तो एकटाच चढून थर्मास घेऊन आला. तो त्याने अंड्याच्या सँडविचच्या पुडीबरोबर छातीशी धरला होता, पायऱ्यांपासून लांब. दोघं ओकच्या बुंध्याला टेकून बसले, रॉली उजवीकडे, व्हर्लिन डावीकडे. व्हर्लिनने टोपीला दोन बोटं लावली. कॉफी कोमट होती आणि थर्मासला गेल्या नोव्हेंबरपासून एक चीर होती, त्यातून ती बोटांवर गळत होती. पुडीत सँडविचं दोन निघाली.

"दोन कधीपासून खातोस?"

"खात नाही," रॉली म्हणाला. "करतो."

रविवारी रॉली जेवायला आला. येताना त्याने दुकानातून बातमी आणली, की शार्लीनने मधल्या खांबाला पाटी लावली आहे: टेकू नये. सॉसेज करपली होती. लोणच्याची बाटली काढायला तो फ्रिजपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला, कारण फ्रिजवर उलटं कॅलेंडर होतं. त्याने एका बाजूचे आठ मुद्दे वाचले, आठव्यावर जरा रेंगाळला, मग रेघेच्या पलीकडे पाहिलं.

"मचाणाखाली काहीच नाही?"

"वेळ नाही झाला," व्हर्लिन तव्याकडे बघत म्हणाला.

रॉली गेल्यावर त्याने पेन्सिल शोधली. खोगिराच्या आठ मुद्द्यांपैकी एकही त्याने खोडला नाही, कारण सगळे खरे होते आणि वस्तू फुकट आलेली नव्हती. पलीकडच्या रिकाम्या रकान्यात त्याने बऱ्याच विचारांती एकच ओळ लिहिली.

'कॉफी ठेवायला जागा.'

मग मांजराने ती वाचली असावी असं वाटून त्याने कॅलेंडर सुलटं केलं.